प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि पर्यावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचं फर्निचर करायला काढलं की बहुतेक जण आधी भाव विचारतात, मग वाळवीचं, आणि पर्यावरणाचं सुचलंच तर सगळ्यात शेवटी. आता मात्र पत्राची सुरुवातच "यात जंगल किती गेलं?" किंवा "हा वास बाळाला चालेल का?" अशी करणारे वाचक वाढले आहेत. हे पान त्यांच्यासाठी. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको, म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लायवूड, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड. यांत नेमका फरक काय?

लाकूड किती बारीक करून पुन्हा जोडलं, हा मूळ फरक. प्लायवूडसाठी ओंडका लेथवर फिरवून त्याची पातळ साल काढतात, शार्पनरमधून पेन्सिलची निघते तशी सलग. ते थर एक उभा, एक आडवा असे रचून गोंद लावून गरम प्रेसमध्ये दाबतात. ब्लॉकबोर्डच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या असतात. पार्टिकल बोर्डात छिलके आणि भुसा. एमडीएफसाठी लाकडाचे तुकडे वाफेवर मऊ करून, दळून त्यांचे तंतू वेगळे करतात.

जितकं बारीक, तितका गोंद जास्त आणि वीज-वाफही जास्त. पण बारीक करायचं असेल तर फांद्या, शेंडे, सॉ मिलचा उरलासुरला माल असं काहीही चालतं, प्लायसारखा सरळ ओंडका लागत नाही. म्हणून "सगळ्यात पर्यावरणपूरक कोणता?" याला एका शब्दात उत्तर नाही. लाकूड कुठून आलं, गोंद कोणता आणि वस्तू किती वर्षं टिकणार, हे तीन प्रश्न प्रत्येक बोर्डाला स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

२. प्लायवूड म्हणजे शेवटी जंगलतोडच ना?

एके काळी बऱ्याच अंशी होती. आसाम आणि अरुणाचलातल्या प्लायवूड गिरण्या तिथल्या नैसर्गिक जंगलांवर चालत. १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या, तसंच त्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत आसामात असलेल्या सॉ मिल, व्हिनियर (लाकडाचे पातळ थर) आणि प्लायवूड गिरण्या ताबडतोब बंद करायला सांगितलं. ईशान्येतून लाकूड बाहेर नेण्यावरही बंदी आली. या उद्योगाचा नकाशाच त्या आदेशाने बदलला.

आज देशातलं प्लायवूडचं मोठं केंद्र हरियाणातलं यमुनानगर आहे आणि तिथला मुख्य कच्चा माल शेतातून येतो: पॉप्लर आणि निलगिरी. पॉप्लरची गंमत अशी की हिवाळ्यात त्याची पानं पूर्ण झडतात, त्यामुळे खालच्या गव्हाला ऊन मिळतं. शेतकरी बांधावर किंवा ओळीत झाडं लावतो, रब्बीचं पीकही घेतो आणि पाच-सात वर्षांनी ओंडके गिरणीला विकतो. केरळात पेरुंबावूरच्या गिरण्या रबराच्या झाडांवर चालतात. चीक देऊन थकलेली, पंचवीस-तीस वर्षांची ती झाडं एरवी सरपणातच गेली असती.

म्हणजे तुमच्या प्लायच्या पोटातलं लाकूड बहुधा शेतातलं आहे. वरचा थर मात्र वेगळी कथा सांगतो (प्र. ३).

३. प्लायवरची लालसर "फेस" कुठून येते? दुकानदार "गर्जन फेस" म्हणून जास्त पैसे मागतो.

दुकानात जो प्रश्न कोणीच विचारत नाही, तो हाच आहे. फेस म्हणजे वरचा अगदी पातळ थर, कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. त्यासाठी मोठ्या घेराचं, गाठी नसलेलं झाड लागतं आणि तसं झाड पाच वर्षांत शेतात होत नाही. गर्जन हे आग्नेय आशियाच्या पावसाळी जंगलातलं झाड. आपल्याकडे ते मुख्यतः म्यानमारमधून येई. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली आणि उद्योग दुसरीकडे वळला. आफ्रिकेतल्या गॅबॉनने २०१० मध्येच ओंडक्यांची निर्यात थांबवली होती, म्हणून भारतीय कंपन्यांनी तिथेच न्कोक औद्योगिक क्षेत्रात कारखाने काढून ओकूमे झाडाची फेस आणायला सुरुवात केली.

ही फेस मजबुतीसाठी फारशी लागत नाही. त्यावर आपण सनमायकाच चिकटवणार असतो! न दिसणाऱ्या थरासाठी शंभर वर्षांचं झाड कशाला? लॅमिनेट लावायचं असेल तर गर्जनचा आग्रह सोडा. पॉप्लरसारख्या लाकडाचे थर रंगवून, पुन्हा जोडून, कापून तयार केलेली "रिकॉन" फेस मिळते, ती मागा. नैसर्गिक लाकडाचा पोत उघडा ठेवायचा असेल तर लाकूड जबाबदारीने राखलेल्या जंगलातलं आहे हे सांगणाऱ्या एफएससी प्रमाणपत्राची साखळी तपासा (प्र. १४).

४. नवीन कपाट उघडलं की उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. हे काय आहे?

बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइड. स्वस्त बोर्डांत युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद असतो. तो झटपट पक्का होतो, रंगहीन असतो आणि परवडतो. पण दमटपणा आणि उष्णता मिळाली की त्याचे रासायनिक बंध हळूहळू सुटतात आणि वायू बाहेर पडत राहतो. पहिले काही महिने जास्त, पुढे कमी होत जातं, पूर्ण थांबायला मात्र वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेसाठी संघटनेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

मात्र प्रत्येक वास बोर्डाचा नसतो. सनमायका चिकटवायच्या पिवळ्या कॉन्टॅक्ट गोंदात आणि थिनरमध्ये द्रावकं असतात. त्यांचा वास पहिल्या काही दिवसांत फार येतो आणि लवकर ओसरतो. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ॲसिड टाकून सुकवतात ते मेलामाइन पॉलिश स्वतःही फॉर्माल्डिहाइड सोडतं. ई-० चा बोर्ड आणून त्यावर हे पॉलिश मारलं तर जास्तीचे पैसे वाया.

५. ई-०, ई-१, ई-२, "कार्ब" या शिक्क्यांचा अर्थ काय?

बोर्डातून किती फॉर्माल्डिहाइड निघतो त्याचे हे वर्ग. ई-१ म्हणजे चाचणीच्या पेटीत घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमपर्यंत. ई-२ त्याहून जास्त सोडणारा. ई-० हा युरोपच्या अधिकृत प्रमाणपत्रातला वर्गच नाही, तो बाजारात रूढ झालेला शब्द आहे. त्यामुळे नुसता "ई-०" छापलेला पाहून थांबू नका, चाचणीचा अहवाल मागा. कार्ब हा कॅलिफोर्नियाचा नियम. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात प्लायवूडला ०.०५, पार्टिकल बोर्डाला ०.०९ आणि एमडीएफला ०.११ पीपीएम ही मर्यादा आहे.

अमेरिकेत हे आपोआप घडलं नाही. २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने ट्रेलर-घरं दिली. लोक आजारी पडू लागले आणि २००८ मध्ये तपासणीत त्या घरांच्या हवेत फॉर्माल्डिहाइड भरपूर सापडला. २०१० मध्ये देशभरासाठी कायदा झाला. तिकडे राहणाऱ्यांनी फर्निचरवर "टीएससीए टायटल सिक्स" हे लेबल पाहावं. युरोपीय संघ ६ ऑगस्ट २०२६ पासून फर्निचरसाठी मर्यादा घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅमवर आणतो आहे, म्हणजे ई-१ च्या बरोबर निम्मी.

आता आपल्या घराचं गणित. ई-१ ची चाचणी २३ अंश तापमान, ४५ टक्के आर्द्रता आणि एका घनमीटर हवेला एक चौरस मीटर बोर्ड या हिशोबाने होते. मुंबईत जूनमध्ये तापमान तीसच्या घरात आणि आर्द्रता ऐंशीच्या वर. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे साडेपंचवीस घनमीटर हवा असते. तिथे भिंतभर कपाट, पलंग, टेबल मिळून आठ बाय चारच्या बारा शीट लागल्या तर दोन्ही बाजू धरून सत्तर चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग होतो. चाचणीच्या जवळजवळ तिप्पट! लॅमिनेटने यातलं बरंच झाकलं जातं हे खरं. तरीही लहान खोलीत ई-१ ला पुरेसं समजू नका.

६. मरीन प्लाय घेतला की वासाचा प्रश्न मिटला का?

खरा मरीन (आयएस ७१० या भारतीय मानकाचा) असेल तर बऱ्याच अंशी मिटला. त्यात फिनॉल-फॉर्माल्डिहाइड गोंद असतो, त्याचे बंध पाण्याने सुटत नाहीत आणि वायू फारच कमी निघतो. हा गोंद गडद तपकिरी असतो, म्हणून कापलेल्या कडेवर काळसर रेषा दिसतात. नेमकं हेच ओळखून काही जण युरिया गोंदात रंग मिसळून "मरीन" विकतात. मानकाप्रमाणे मरीन प्लायचा तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटायला नकोत. घरी एवढं जमणार नाही, पण चार बोटांचा तुकडा दिवसभर उकळत्या पाण्यात ठेवून पाहिला तरी युरिया गोंदाचं पितळ उघडं पडतं.

७. फर्निचर आधीच झालंय आणि दोन महिन्यांत बाळ येणार आहे. आता काय करू? स्नेक प्लांट ठेवले तर?

कुंड्या ठेवा, पण हवा शुद्ध करण्यासाठी नको. त्या दाव्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे, आणि तो बंद पेट्यांमध्ये झाला होता. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम हवा असेल तर झाडांचं रानच करावं लागेल.

उपयोग होतो तो वाऱ्याचा आणि कडा बंद करण्याचा. कपाटांची दारं, खण उघडे ठेवून समोरासमोरच्या खिडक्या रोज काही तास उघडा. दुपारच्या उन्हाने खोली तापली असेल तेव्हा तर नक्कीच, कारण वायू तेव्हाच जास्त निघतो. मग टॉर्च घेऊन कपाटाच्या आत पाहा. मागची बाजू, खणांचे तळ, बिजागरीची भोकं आणि वायरसाठी पाडलेली भोकं मिस्त्री बहुतेक वेळा कच्चीच सोडतो. तिथे एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी), लॅमिनेट किंवा पाण्यावर आधारित सीलर लावून घ्या. बाळाचे कपडे नवीन खणात ठेवू नका, आणि पहिले काही महिने बाळाला जुनं फर्निचर असलेल्या खोलीत झोपवा.

८. त्यापेक्षा सरळ सागवान घ्यावं का?

घरात जुनं सागवानी कपाट असेल तर ते विकू नका. तासून, पॉलिश करून वापरा. त्याच्याहून चांगली वस्तू बाजारात मिळणार नाही. नवीन सागवानाचा प्रश्न वेगळा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नाव देशभर आहे, पण ते झाड तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात आणि ओंडका चिरताना बरंच लाकूड वाया जातं. दाराची चौकट, रोज वापरायची खुर्ची यांना सागवान शोभतं. भिंतभर कपाटाच्या पाठीमागे ते लावणं ही चैन आहे.

९. मग पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड? त्यात तर लाकूडच नाही!

फॉर्माल्डिहाइड नाही, वाळवी नाही, पाण्याने फुगत नाही. हे तिन्ही खरं आहे. पण आपल्या बाजारातला "डब्ल्यूपीसी" (नावाप्रमाणे लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) बऱ्याचदा फुगवलेला पीव्हीसीच असतो. म्हणजे प्लास्टिक, तेही क्लोरीन असलेलं, जे जाळताही येत नाही आणि कुजतही नाही. सिंकखाली किंवा बाथरूमच्या दाराला वापरा, तिथे त्याचं आयुष्य वसूल होतं. अख्खं घर त्याचं करू नका.

१०. बोर्ड कार्बन साठवतात असं कंपन्या म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, एका अटीवर. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची एमडीएफ शीट साधारण ४० किलो भरते. गोंद आणि ओल वजा केली तर ३३ किलोच्या आसपास कोरडं लाकूड उरतं. कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं, म्हणजे एका शीटमध्ये हवेतला साठेक किलो कार्बन डायऑक्साइड बंद झालेला असतो.

अट अशी की तोडलेल्या झाडाच्या जागी नवीन झाड उभं राहिलं पाहिजे आणि शीट टिकली पाहिजे. पाच वर्षांत फुगून कचऱ्यात जाणारी शीट पॉप्लरच्या झाडाच्या वयाइतकीही जगत नाही. कार्बन साठवल्याचा दावा तिथे लंगडा पडतो. म्हणून मी प्र. १३ ला या पानावरचं सर्वात महत्त्वाचं उत्तर मानतो.

११. कारखाना "शाश्वत पद्धतीने" चालतो म्हणजे नक्की काय करतो?

कंपनीच्या पत्रकात सोलर पॅनेलचे फोटो असतात, पण एमडीएफ कारखान्यात सर्वात जास्त ऊर्जा खातो तो तंतू सुकवणारा ड्रायर. त्याला उष्णता कशाची देता, हे आधी विचारा. चांगले कारखाने स्वतःचीच साल, भुसा आणि सँडिंगची धूळ बॉयलरमध्ये वापरतात. मग ड्रायर आणि प्रेसच्या वाफेत लाकडाची बाष्पं, धूळ आणि फॉर्माल्डिहाइड असतो, तो पकडायची यंत्रणा चालू आहे का? गोंदाची टाकी आणि रोलर धुतलेलं पाणी नाल्यात जातं की पुढच्या गोंदात परत वापरतात?

प्लायवूडमध्ये लेथ महत्त्वाचा. जुन्या लेथवर ओंडक्याचा मधला जाड भाग तसाच उरतो. स्पिंडलशिवाय (ओंडका टोकांना धरणाऱ्या दांड्याशिवाय) चालणाऱ्या लेथवर तो काठीएवढा बारीक होईपर्यंत थर निघतो. त्याच झाडातून जास्त प्लाय.

गोंदातही पर्याय आहेत. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या कैचांग ली यांनी खडकाला घट्ट चिकटणाऱ्या शिंपल्यांवरून कल्पना घेऊन सोयाबीनच्या पिठाचा गोंद तयार केला आणि तो अमेरिकेत प्लायवूडसाठी कारखान्यात वापरला जाऊ लागला. सोयाबीन पिकवणाऱ्या लातूर-अकोल्याने या दिशेने पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

१२. आपल्याकडे एवढा ऊस होतो. बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) बोर्ड का होत नाहीत?

होतात. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला बगॅसपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचा कारखाना उभा राहिला. आयएस ३०८७ हे पार्टिकल बोर्डाचं मानकही लाकडाबरोबर अशा इतर तंतूंना मान्यता देतं. अडचण लाकडाची नाही, हिशोबाची आहे. बगॅस साखर कारखान्याच्याच बॉयलरला हवं असतं, आणि सहवीजनिर्मिती आल्यापासून त्याचा भाव वीज ठरवते. गाळप हंगाम चार-सहा महिन्यांचा, बोर्डाचा कारखाना मात्र वर्षभर चालायला हवा. म्हणून डोंगराएवढा साठा करावा लागतो, तो आंबतो आणि पेटतोही. शिवाय आतला स्पंजासारखा गर काढून टाकावा लागतो, नाहीतर तो गोंद शोषून घेतो. तरीही असा बोर्ड मिळत असेल तर कोरड्या खोलीसाठी जरूर घ्या. बांबूचं गणित याहून सोपं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातल्या "झाड" या व्याख्येतून वगळला, त्यामुळे शेतातल्या बांबूच्या तोड-वाहतुकीचा जाच कमी झाला.

१३. आम्ही रत्नागिरीला राहतो. प्रत्येक पावसाळ्यात किचनच्या ट्रॉल्या फुगतात. काय वापरायचं?

ही तक्रार आर्थिक वाटते, पण ती पर्यावरणाचीच आहे. पंधरा वर्षांत तीनदा बदललेला स्वस्त बोर्ड एकदाच लावलेल्या चांगल्या प्लायपेक्षा तिप्पट लाकूड, तिप्पट गोंद आणि तिप्पट कचरा करतो. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ कोरड्या बेडरूमला ठीक आहेत. कोकणात सिंकखाली ते कधीही नकोत.

माझा सल्ला जुनाच आहे: ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे करा आणि बोर्ड फक्त दारांना वापरा. आपल्या आयांच्या स्वयंपाकघरात हेच होतं आणि ते कप्पे अजून तसेच आहेत. ट्रॉल्याच हव्या असतील तर फिनॉल गोंदाचा प्लाय, जमिनीपासून चार इंच वर उचलणारे पाय, पावसाची ओल येणाऱ्या भिंतीपासून बोटभर अंतर आणि सगळ्या कडा बंद. कडेतूनच पाणी शिरतं. वरची सनमायका काही फुगत नाही.

१४. आयएसआय मार्क आणि एफएससी, दोन्ही लागतात का?

दोन्ही वेगळी गोष्ट सांगतात. आयएसआय सांगतो की माल मानकाला उतरतो: साधा प्लाय आयएस ३०३, मरीन ७१०, एमडीएफ १२४०६. केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांमुळे २०२५ पासून प्लाय आणि बोर्डांना हे चिन्ह टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यात आलं. लाकूड कुठून आलं याबद्दल तो काही सांगत नाही. ते एफएससी सांगतं. त्यातही "१०० टक्के", "मिक्स" आणि "रिसायकल्ड" असे प्रकार आहेत. कंपनीकडे प्रमाणपत्र असणं आणि तुमच्या हातातली शीट प्रमाणित असणं यात फरक आहे, म्हणून बिलावर तसा उल्लेख आहे का ते पाहा.

१५. शेतात मलबार नीम किंवा निलगिरी लावली तर प्लायवूडवाले घेतील का?

आधी गिरणी शोधा, मग रोपं. ओला ओंडका जड असतो, वाहतुकीतच नफा जातो. आणि देशातल्या गिरण्या यमुनानगर, गांधीधाम, पेरुंबावूर अशा ठिकाणी एकवटल्या आहेत. पॉप्लर तर आपल्याकडे नीट वाढतच नाही, त्याला उत्तरेची थंडी लागते. "खात्रीशीर खरेदी"चा करार दाखवून महागडी रोपं विकणाऱ्यांना विचारा की मागच्या लावणीचा माल कुठल्या गिरणीने घेतला, आणि त्या शेतकऱ्याला भेटा. तोडीच्या परवानगीचं वनखात्यात आधीच विचारून ठेवा.

१६. मी सुतारकाम करतो. एमडीएफ कापताना घसा बसतो. काही धोका आहे का?

आहे, दादा, आणि तो घरमालकापेक्षा तुम्हाला कितीतरी जास्त आहे. लाकडाची धूळसुद्धा कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात आहे, आणि एमडीएफची धूळ इतकी बारीक की ती फुप्फुसात खोल जाते. तोंडाला गमछा बांधून ती अडत नाही, एन-९५ मास्कच लागतो. कटिंग बंद फ्लॅटमध्ये न करता गच्चीवर किंवा मोकळ्यावर करा, मशीनला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडा. घरमालकांना सांगणं: मास्क आणि व्हॅक्यूमचा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात धरा. शक्य असेल तर शीट कारखान्यातूनच मापाने कापून, कडा बंद करून मागवा.

१७. उरलेले तुकडे बंबात घातले तर चालतील का?

नाही. बंब असो की चूल, आच कमी असते आणि धूर घरातच फिरतो. गोंदातून, मेलामाइनमधून आणि वाळवीच्या औषधातून विषारी वायू निघतात, पीव्हीसीच्या एज बँडमधून हायड्रोक्लोरिक आम्ल. साध्या, गोंद न लावलेल्या लाकडाच्या पट्ट्या तेवढ्या बंबाला द्या. इटलीतल्या विआदानात एक उद्योगसमूह टाकाऊ लाकूड गोळा करून त्याचेच नवे पार्टिकल बोर्ड करतो. आपल्याकडे असं गोळा करायची व्यवस्था नाही, म्हणून मोठे तुकडे मिस्त्रीला परत न्यायला सांगा. त्यातून खणांचे तळ, पाट, कुंड्यांचे स्टँड सहज होतात.

१८. जुन्या घरातलं तीस वर्षांपूर्वीचं प्लायवूड चांगलं आहे. पुन्हा वापरू का?

वापरा. त्यातला फॉर्माल्डिहाइड एव्हाना जवळपास निघून गेलेला असतो. अपवाद वाळवीच्या औषधाचा आहे. त्या काळात आल्ड्रिन, क्लोरडेन आणि लिंडेन सर्रास मारत. पहिल्या दोघांवर १९९६ मध्ये बंदी आली, लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबला. ही औषधं लाकडात वर्षानुवर्षं राहतात. म्हणून पेस्ट कंट्रोल झालेलं जुनं प्लाय धान्याच्या कपाटाला, पाळण्याला किंवा खेळण्यांना वापरू नका. पॉलिश पेपरने घासायचं असेल तर घराबाहेर, मास्क लावून घासा. आधी ओल्या फडक्याने पुसा, मग लॅमिनेट चढवा आणि माळ्याला, पुस्तकांच्या फळ्यांना किंवा बाकड्याच्या बैठकीला लावा.